तोलोमुशचे दोन होकार

तोलोमुशला ‘नाही’ म्हणता येत नसे. हा काही आजार नव्हता. काराकोल गावच्या पाणीपुरवठा कचेरीत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला लागलेली ती सवय होती. अर्ज घेऊन आलेल्याला ‘नाही’ म्हटलं की तो तासभर भांडतो आणि ‘हो, हो, बघतो’ म्हटलं की दुवा देत घरी जातो, एवढं साधं गणित. नळाच्या बाबतीत हे गणित तेवीस वर्षं बिनचूक सुटलं. मुलीच्या लग्नाच्या बाबतीत मात्र ते पाचव्या दिवशी चुकलं.

मुलगी आयपेरी. गावाच्या वर डोंगरात स्कीचा तळ आहे, तिथल्या बचावखोलीत ती कामाला होती. समोर रेडिओ, कानाला हेडफोन आणि हाताशी लाऊडस्पीकरचा माईक. कोण कुठे आपटलं, कोणाचा गुडघा गेला, कोण झाडीत शिरून हरवलं, हे सगळं आधी तिच्या कानावर यायचं. ठरलेला मुलगा इल्गिझ रस्तेखात्यात इंजिनीअर, नेमणूक काराकोललाच. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आईबापांनी नंतर. इथवर सगळं गोड होतं. पण इल्गिझ डोंगरांपलीकडच्या, दूरच्या जलाल-आबादचा, आणि घरातला धाकटा. धाकट्या मुलाने आईबापांपाशी राहायचं, बापाचं घर त्याचं आणि बापाचं म्हातारपणही त्याचंच, हे आमच्याकडे कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

इल्गिझचे वडील तोपचुबाय आणि आई मारापात कानातले डूल घेऊन आले. होणाऱ्या सासूने मुलीच्या कानात डूल घातले की लग्न पक्कं. पहिल्याच दिवशी, मांसाचं ताट समोर असताना तोपचुबाय मिशा पुसत म्हणाले, “व्याही, वसंतात पोरं आमच्याकडे राहायला येतील. मुलगी ती डोंगरावरची नोकरी सोडेल ना?”

“हो, हो. सोडेल की,” तोलोमुश म्हणाला.

मग तो चहा आणायला स्वयंपाकघरात गेला, तर तिथे आयपेरी उभी. “बाबा, त्यांना सांगितलंत ना? मी नोकरी सोडणार नाही आणि गाव सोडणार नाही. हे त्यांना मान्य असेल तरच मी कानात काही घालून घेईन.”

“हो, हो. सांगितलं की. मान्य आहे त्यांना.”

दोन होकारांमध्ये फार तर दहा मिनिटांचं अंतर असेल. दोन्ही वेळा समोरचा माणूस खूश झाला. तोलोमुशला तर आपण दोन घरं जोडली असंच वाटलं. पुढचं पुढे बघू, असं त्याने स्वतःलाही सांगितलं, आणि स्वतःलाही तो कधी नाही म्हणत नसे.

त्याच संध्याकाळी आयपेरी पाळीवर वर गेली आणि रात्रीपासून वादळ सुरू झालं. तीन दिवस बर्फ पडत होता. तळाचा रस्ता बंद, म्हणून आयपेरी वर अडकली. घाट बंद, म्हणून इल्गिझ घाटात बर्फ उपसायला गेला. बाहेरगावची वाट बंद, म्हणून व्याही-विहीण तोलोमुशच्या घरात. मुलगा आल्याशिवाय डूल घालायचे नाहीत, असं विहीणबाईंनी जाहीर केलं. मारापातबाई फारसं बोलत नसत, पण बोलल्या की ते जाहीर केल्यासारखंच वाटे. तोलोमुश रोज सकाळी छपरावर चढून बर्फ ओढायचा, कंबर धरून खाली यायचा आणि मनातल्या मनात वादळाचे आभार मानायचा. व्याही खाली, मुलगी वर आणि मध्ये दोन हात बर्फ. इतका उत्तम बंदोबस्त त्याला स्वतःला करता आला नसता.

पण तीन दिवस पाहुण्यांशी बोलायचं काय? एक मेंढी संपली, फोटोंचे तीन अल्बम संपले, कचेरीतल्या साहेबांची निंदाही संपली. वादळाच्या तिसऱ्या दिवशी तोपचुबाय खिडकीतून बघत म्हणाले, “एवढ्या बर्फाचं तुम्ही लोक करता काय?”

आता याचं खरं उत्तर ‘फावड्याने बाजूला करतो’ हे होतं. पण पाहुण्याला इतकं रूक्ष उत्तर कसं द्यायचं? तोलोमुश म्हणाला, “अहो, हा बर्फ म्हणजे आमचं सोनं. परदेशातून लोक येतात याच्यासाठी. भुसभुशीत, पिठासारखा. असा पडला की मी शेंड्यावरून जो सुटतो, तो थेट पायथ्याला.”

कान्शायीम, त्याची बायको, चहा ओतत होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाहुणे आल्याच्या पाचव्या दिवशी, सकाळी आभाळ निळं झालं. तळाचा रस्ता उघडल्याची बातमी रेडिओवर लागली होती आणि तोपचुबाय पांढरी कल्पाक टोपी घालून दारात उभे होते. “चला व्याही. तुमचं ते सोनं बघू. मुलगी काम करते ती जागाही बघू. मीही एकदा घसरून बघतो.”

“हो, हो,” तोलोमुश म्हणाला.

स्वयंपाकघरात कान्शायीमने त्याला गाठलं. “अहो, तुम्हाला स्की येतं?”

“येतं की.”

“कधी केलं होतंत?”

“शाळेत.”

“ते सपाटीवर. गोठ्याच्या मागे. आणि तेव्हाही तुमचा नंबर शेवटून दुसरा होता, माझा भाऊ शेवटून पहिला, म्हणून मला माहीत.”

तसं पाहिलं तर स्कीची त्याला फारशी भीती वाटत नव्हतीच. पडणं हे काही फार मोठं संकट नाही. संकट बचावखोलीत बसलं होतं. व्याही तिथे जाऊन एवढंच म्हणाले असते की ‘काय मुली, वसंतात नोकरी सोडतेस ना’, की संपलं. डूल परत जलाल-आबादला, आणि मुलीच्या नजरेतून बाप उतरला तो कायमचा. म्हणून तोलोमुशने एक योजना केली: व्याह्यांना डोंगर दाखवायचा, पण मुलगी दाखवायची नाही.

शेजारी फ्योदोर कुझ्मिचने त्याची जुनी नीवा गाडी काढली. फ्योदोर हा शाळेतला निवृत्त कवायत मास्तर. सात किलोमीटरच्या चढावर त्याने तोलोमुशला सगळी विद्या दिली. “खोल बर्फात मागे रेलायचं. शेपटीवर बसल्यासारखं. पुढे झुकलास की नाक खाली गेलंच म्हणून समज.” तोलोमुशने ते पाठ केलं. दोघांना तळावर उतरवून फ्योदोर गाडी घेऊन परत गेला; तो स्वतः कधी खोल बर्फात उतरला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

तळावर जत्रा भरली होती. लिफ्टसमोर लोकांची रांग, रंगीबेरंगी कपडे, कुठल्या कुठल्या भाषांमधली घाई. आपण तीन दिवस जो बर्फ शिव्या देत उपसला, त्याच्यात लोळायला ही माणसं विमानाचं भाडं भरून आली होती, याचं तोलोमुशला नेहमीप्रमाणे नवल वाटलं. बचावखोलीची मोठी खिडकी नेमकी लिफ्टकडेच बघत होती. तोलोमुशने टोपी नाकापर्यंत ओढली आणि व्याह्यांचा दंड धरून तो भिंतीकडेने तिरका तिरका चालू लागला.

“असं का चालताय?” तोपचुबायनी विचारलं.

“स्नायू मोकळे करतोय.”

मग तोपचुबायही तिरके चालू लागले.

स्की भाड्याने देणाऱ्या खिडकीत एक फॉर्म होता. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला फॉर्मची भीती वाटू नये, पण हा फॉर्म फार चावट होता. ‘आपली पातळी: नवशिका, मध्यम, निष्णात.’ व्याही खांद्यावरून वाचत होते. तोलोमुशची पेन्सिल ‘नवशिका’पाशी घुटमळली, ‘मध्यम’पाशी थांबली आणि शेवटी अब्रूखातर ‘निष्णात’वर गेली. निष्णात माणसाला उंच आणि रुंद स्की देतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हातात ज्या दोन फळ्या आल्या त्यांची गुरांच्या गोठ्याला दारं झाली असती. तोपचुबायनी निवांतपणे ‘नवशिका’ लिहिलं. त्यांना सुटसुटीत आखूड स्की मिळाल्या. फॉर्मच्या खाली आणखी एक ओळ होती: नवशिक्याची जबाबदारी सोबतच्या निष्णाताने घ्यायची. तीही तोलोमुशने घेतली.

“खोल बर्फात अजिबात मागे रेलू नका,” स्की देणारा म्हणाला. “गुडघे पुढे. पण हे तुम्हाला काय सांगायचं.”

लिफ्टच्या खुर्चीत बसून वर जाताना तोलोमुश मागे आणि पुढे यांच्या मधोमध विचार करत होता. तोपचुबाय मात्र लहान मुलासारखे पाय हलवत होते. खाली देवदारांवर बर्फाच्या गाद्या, लांब सरोवराची निळी रेघ, आणि खांबाखांबावर लावलेल्या लाऊडस्पीकरमधून मधूनमधून आयपेरीचा आवाज: “तिसऱ्या उतारावर अजून बर्फ पक्का झालेला नाही, कृपया खुणेच्या बाहेर जाऊ नका.”

“कोण ही मुलगी? आवाज गोड आहे,” तोपचुबाय म्हणाले; घरी त्यांच्यासमोर आयपेरी रीतीप्रमाणे तोंड उघडून बोललीच नव्हती.

“असेल कोणीतरी,” तोलोमुश म्हणाला, आणि आपल्याच मुलीला ‘कोणीतरी’ म्हटल्याबद्दल त्याला वाईट वाटलं.

वर पोचल्यावर कळलं की खुणा लावलेला सरळ रस्ता शेवटी नेमका बचावखोलीच्या खिडकीखालून जातो. तिथून गेलं की पकडले जाणार. डाव्या हाताला देवदारांची झाडी होती आणि तिच्यात दोनचार परदेशी लोक आनंदाने ओरडत शिरताना दिसले.

“तो रस्ता पोराबाळांचा,” तोलोमुश म्हणाला. “आपण इकडून.”

आणि तो शेपटीवर बसल्यासारखा मागे रेलला.

पुढे काय झालं ते त्याला नीट सांगता येत नाही. स्की गेल्या, तो राहिला. मग तो गेला. मग वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळेना, कारण सगळीकडे पांढरंच होतं आणि तोंडातही तेच होतं. थांबल्यावर त्याने उठण्यासाठी हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत गेला. दुसरा टेकला, तोही गेला. पिठाच्या कणगीत पडलेल्या माणसाने उठायचं कशावरून, हे फ्योदोरने सांगितलं नव्हतं. शेवटी तो पोहत पोहत कडेला आला. एक स्की पायात होती, एक नव्हती. खोल बर्फात गेलेली स्की वर दिसत नाही, तिने जाताना आपली वाटही पुसून टाकलेली असते. तोलोमुशने काठीने भोसकून भोसकून वीस मिनिटं शोधलं, आणि मग स्की सापडली ती तो ज्या जागेवर बसून दम खात होता तिथेच, त्याच्या खाली.

तोपचुबायना यातलं काही झालं नाही. आखूड स्कीवर ते सरळ उभे राहिले आणि हळूहळू, जसा कोणी गोष्टी सांगत चालावा तसे, खाली गेले. “व्याही, हे फार सोपं आहे,” एवढं ऐकू आलं. मग एका मोठ्या देवदाराजवळ ते अचानक आखूड झाले. देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फात खड्डा असतो, वरून दिसत नाही. तोलोमुश तिथे पोचला तेव्हा व्याह्यांचं फक्त डोकं, टोपी आणि दोन हात वर होते.

“ओढा,” तोपचुबाय म्हणाले.

तोलोमुशने ओढलं, आणि तोही आत गेला. आता बुंध्याच्या एका बाजूला पाणीपुरवठा आणि दुसऱ्या बाजूला सोयरीक, असे दोघे उभे राहिले. तेवढ्यात खालून धुकं चढून आलं.

“फोन करा कोणाला तरी,” तोपचुबाय म्हणाले. “माझा गारठून मेला.”

“इथे लागत नाही,” तोलोमुश म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला.

कान्शायीम होती. “अहो, कुठे आहात? जेवणाची वेळ झाली. सगळं ठीक ना?”

“हो, हो. येतोच.”

“विहीणबाई,” तोपचुबाय बुंध्यापलीकडून शांतपणे म्हणाले, “आम्ही दोघं खड्ड्यात आहोत. धुकं आहे. कुठे आहोत ते व्याह्यांना माहीत नाही.”

मग फोन बंद पडला. पलीकडे कान्शायीमने काय केलं असेल ते तोलोमुशला कल्पनेने दिसलं. तिने आधी मुलीला फोन केला असणार आणि मग फ्योदोरच्या गाडीला हाक मारली असणार. आपली योजना आता बुडाली, हे त्याला कळलं, आणि पाय गार पडत होते तरी कान गरम झाले.

थोड्या वेळाने धुक्यातून, लांबच्या खांबावरून आवाज आला. “लक्ष द्या. डाव्या झाडीत दोन जण अडकले आहेत. एक तोलोमुश असानोव, वय चोपन्न, करडा कोट. आणि दुसरे...” इथे आवाज थांबला. “दुसरे त्यांच्यासोबतचे थोर गृहस्थ. पांढरी कल्पाक टोपी, मिशा आहेत.”

“माझं नाव का नाही घेतलं?” तोपचुबाय म्हणाले.

पंधरा मिनिटं गेली. पुन्हा आवाज: “बचावपथकासाठी सूचना. आणलेले गृहस्थ ते नव्हेत. ते अल्माटीचे पाहुणे आहेत आणि हरवलेले नाहीत. त्यांची माफी मागून त्यांना सोडलं आहे. शोध चालू ठेवा.” आणखी दहा मिनिटांनी: “तेच गृहस्थ पुन्हा आणू नयेत. ते चिडले आहेत.”

त्यानंतर मात्र तिचा माईक चालूच राहिला असावा, कारण सगळ्या डोंगराला तिच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायला लागलं. आधी पथकप्रमुख गेन्नादीचा जाड आवाज: “आयपेरी, टोपी-मिशा पुरे. आज डोंगरावर अशा तीन मिशा आहेत. माणसाचं नाव सांग, नावाने हाका मारू.”

“सांगता येत नाही.”

“विसरलीस?”

“नाही. माहीत आहे. पण तोंडाने घ्यायचं नाही.”

“मी रशियन माणूस आहे बाई. मला कळेल असं सांग.”

“ते माझे सासरे होणार आहेत, गेन्नादी दादा. सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं.”

झाडीत तोपचुबायच्या मिशांवरचा बर्फ हलला. “ही तुमची मुलगी?” ते म्हणाले. “ही, जिला तुम्ही कोणीतरी म्हणालात?”

“हो.”

“अजून कानात डूल नाहीत आणि ही आत्ताच...” त्यांनी मिशांवरचा बर्फ पुसला. “व्याही, माझ्या दोन मोठ्या सुना आहेत. चांगल्या आहेत. पण फोनवर मैत्रिणींना सांगताना मला ‘म्हातारा’ म्हणतात. मी ऐकलंय. आणि वर ही मुलगी आमच्यासाठी नोकरीसुद्धा सोडतेय.”

तोलोमुशला त्या क्षणी खड्डा आणखी खोल हवा होता. आयपेरी व्याह्यांचं नाव गिळत होती ते या विश्वासावर, की या माणसाने आपली अट मान्य केली. आणि तो विश्वास तिच्या बापाने दिलेला होता. आयुष्यात त्याने शेकडो लोकांना खोटा होकार दिला असेल, पण त्यातल्या कोणी त्याच्या बदल्यात इतकं काही दिलं नव्हतं. त्याला रडू आलं. बर्फ वितळून गालावर आल्यासारखं दिसावं म्हणून त्याने तोंड वर केलं.

धुक्यातला उजेड पिवळट झाला होता. तोपचुबायचे ओठ निळे पडत चालले होते आणि ते बोलायचे थांबले होते. आणि मग लाऊडस्पीकर एकदम मोठा झाला, आयपेरीचा आवाज फाटल्यासारखा आला: “तोपचुबाय एर्गेशोव. जलाल-आबादचे तोपचुबाय एर्गेशोव. ऐकू येत असेल तर ओरडा. तोपचुबाय एर्गेशोव, आवाज द्या. थांबू नका.”

खांबाखांबावरून ते नाव धुक्यात फिरलं. तोपचुबाय दचकले, डोळे उघडले आणि पोटातून जो आवाज काढला तो त्यांच्या गावच्या अक्रोडाच्या रानातल्या अस्वलांनीही ऐकला असता. रीतभात, मान, सून, सासरा, काही त्यांना आठवलं नाही. नाव घेऊन कोणी बोलावतंय एवढंच कळलं आणि त्यांनी ओ दिली. लांबून शिट्टीचं उत्तर आलं.

पथक यायला दहा मिनिटं तरी लागणार होती. तोलोमुशने बुंध्याला कपाळ टेकलं. “व्याही, ती नोकरी सोडणार नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि तुम्हाला तिचं म्हणणं मान्य आहे, असं तिला सांगितलं. तेही खोटं.”

बुंध्यापलीकडून बर्फ झटकल्याचा आवाज आला. मग तोपचुबाय म्हणाले, “इल्गिझला मीही सांगितलंय. म्हटलं, बाळा, तुला हवं तर काराकोललाच राहा.”

“आणि विहीणबाईंना?”

“तिला सांगितलंय, वसंतात सून घरी आणतो.”

तोलोमुशने बुंध्याला वळसा घालून मान पुढे काढली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुम्ही कुठल्या कचेरीत होता?” तोलोमुशने विचारलं.

“गावसभेत. अठरा वर्षं,” तोपचुबाय म्हणाले.

दोघांना एकाच घसरगाडीवर बांधून खाली आणलं. बचावखोलीत शेगडी धगधगत होती. दोन्ही विहिणी आधीच येऊन बसल्या होत्या. आयपेरी हेडफोन लावून रेडिओपाशी होती, डोळे लाल. तोपचुबाय आत आले तशी ती उठून उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, “माझ्याकडून नाव घेतलं गेलं. चूक झाली.”

“मी सांगितलं तिला घ्यायला,” मारापातबाई म्हणाल्या. “इथे बसून मी तासभर ऐकत होते. थोर गृहस्थ, थोर गृहस्थ. थोर गृहस्थ गारठून मेले असते आणि यांनी अल्माटीचा माणूस मला नवरा म्हणून दिला असता. मी म्हटलं, मुली, जिवंतपणी घे नाव.”

मग त्यांनी चहाची वाटी नवऱ्याच्या हातात दिली आणि सहज विचारलं, “तर वसंतात कधी न्यायचं हिला? घराला सफेदी करायची आहे.”

तोपचुबायनी वाटीत पाहिलं. आयपेरीने वडिलांकडे पाहिलं. कान्शायीमनेही तिकडेच पाहिलं. तोलोमुश घोंगडी पांघरून, ओल्या मोज्यांत उभा होता, आणि सवयीने त्याच्या तोंडात ‘हो, हो’ तयार झालं होतं. ते त्याने कसं गिळलं ते त्यालाच ठाऊक.

“नाही,” तो म्हणाला.

पाहुण्याला, तेही व्याह्यांच्या घरच्या बाईला, ‘नाही’. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना. “नाही विहीणबाई. ती येणार नाही. तिला इथेच काम करायचंय. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला एक सांगितलं, तिला दुसरं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. तिला काही म्हणू नका.”

“बाबा,” आयपेरी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे त्याला कळलं नाही, आणि बघायचं धैर्यही नव्हतं.

“मीही,” तोपचुबाय वाटीत म्हणाले.

“तुम्हीही काय?”

“इल्गिझला सांगितलंय, इथे राहा म्हणून.”

मारापातबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाजारात दोन टरबुजं नासकी निघाल्यावर बाई जशी बघते तसं. मग त्यांनी त्या दोघांना सोडून दिलं आणि आयपेरीकडे वळल्या. “हे दोघं राहू देत. तू सांग. तुला काय हवंय?”

“मला इल्गिझ हवाय,” आयपेरी म्हणाली. “आणि ही खुर्ची. तुम्हाला एकटं टाकायचं नाहीये मला. उन्हाळ्यात डोंगर बंद असतो, तेव्हा चार महिने मी येईन, घर सांभाळीन. पण बर्फ पडला की मला इथे...”

रेडिओ खरखरला. अल्माटीचे गृहस्थ या वेळी खरोखरच हरवले होते. पहिल्या लिफ्टपाशी शेवटचे दिसले होते, अंधार व्हायला तासाभराचा अवकाश होता. आयपेरी वाक्य तसंच टाकून वळली, माईक ओढला आणि कामाला लागली. नाव विचारलं, टोपीचा रंग विचारला, गेन्नादीला डाव्या अंगाला पाठवलं. तिचा आवाज आता थंड आणि सरळ होता, आणि त्या आवाजात खोलीतली कोणतीच भांडणं नव्हती.

मारापातबाई ऐकत राहिल्या. मग मुलाची वाट न बघताच त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली, आणि माईकवर बोलणाऱ्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. डाव्या कानावरचे केस त्यांनी बोटाने बाजूला केले. आयपेरी क्षणभर थांबली, पण फक्त क्षणभर. “गेन्नादी दादा, थोडं वर बघा, ओढ्याच्या काठाने,” ती म्हणाली, आणि डूल कानात गेला. उजव्या कानावर हेडफोन होता.

“दुसरा?” तोपचुबायनी हळूच विचारलं.

“ती कामात आहे,” मारापातबाई म्हणाल्या. स्टूल ओढून त्या रेडिओशेजारी बसल्या, दुसरा डूल मुठीत धरला आणि दोन्ही पुरुषांना गप्प राहायची खूण केली.

अल्माटीचे गृहस्थ सव्वापाचला सापडले. तोवर खोलीत आयपेरीशिवाय कोणी बोललं नाही.